दर्शनी दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. आजवर नुसता करकरत आलो, आज जरा बोलू द्या.

सुताराने मला हौसेने घडवलं. घरधन्याने लग्न करून बायकोला आणलं ते माझ्यातूनच. बाई शिवणकाम करायच्या, त्यामुळे गिऱ्हाइकांची माझ्यापाशी सतत वर्दळ. तेव्हा मी जरा ताठ्यातच असायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे धनी गेले. बाईंचे गुडघे कुरकुरू लागले, माझ्यापुढच्या पायऱ्या त्यांना नकोशा झाल्या. मशीन मागच्या खोलीत गेलं, मला आतून कडी लागली आणि माझ्यावर खडूची अक्षरं उमटली, 'मागच्या दाराने यावे'. पोस्टमनसुद्धा मागून जायचा. माझ्याकडे कुत्रंही फिरकेना.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. शेजारी मोबदला घेऊन एकेक करत गेले. बाईंनी मात्र भाच्याकरवी कोर्टात हरकत घेतली. घर वाचवायची तेवढीच वाट उरली होती. तारीख कळली की मी स्वतः जाऊन साहेबांना सांगणार, असं त्या पोस्टमनला येता-जाता ऐकवायच्या.

एका दुपारी कोर्टाचा बेलिफ नोटीस घेऊन आला. गल्लीत कुणी उरलं नव्हतं, म्हणून पंच म्हणून जोडीदारालाच आणलेलं. बेलिफने माझ्यावर थापा मारून बघितल्या. बाई कानाने अधू, त्यात नुकता डोळा लागलेला.

जोडीदार म्हणाला, "मागून यायला लिहिलंय इथं."

"नोटीस दर्शनी भागी लावायची असते. कायद्यात मागचं दार नसतं."

आणि खळ फासून त्याने कागद नेमका त्या अक्षरांवरच चिकटवला. कडी घातलेला दरवाजा करकरून करकरणार तरी किती?

तारीख माझ्या छातीवर आणि बाई मागच्या उंबऱ्यावर तिची वाट बघत बसलेल्या. मध्ये फक्त दोन खोल्या. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

तारीख उलटली. निकाल एकतर्फी लागला. ताबा घ्यायला तोच बेलिफ माणसं घेऊन आला, तेव्हा बाई भिंतीला धरून कितीतरी वर्षांनी पुढच्या अंगाला आल्या. कागद वाचला आणि बेलिफला म्हणाल्या, "आता गेले तर ऐकून घेतील का हो?"

त्याने ताब्याचा कागद सहीसाठी पुढे केला.

जाताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "तू तरी सांगायचंस रे."

आता मी जुन्या लाकडांच्या वखारीत भिंतीला टेकून उभा आहे. गिऱ्हाईक येतं, टकटक करून बघतं, निघून जातं. मला कुणी न्यावं असंही आता वाटत नाही. एकच मागणं आहे. कुणाला काही सांगायचं असेल, तर दरवाजाला सांगून जाऊ नका. माणूस आत असतो.