न उमटलेला अंगठा

माझी बायको गेली त्या दुपारी मी बर्फ शोधत फिरत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी तिच्या उशाशी दोन दिवस बसून होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, जरा बाहेर टेका, मी आहे आत." मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. डुलकी लागली असेल-नसेल, तोच तो बाहेर आला. "बाबा, आई बर्फ मागतेय. घसा सुकलाय म्हणते. जा लवकर."

मी धावलो. कँटीनचा फ्रिज बिघडलेला. मासळीवाल्याकडे बर्फ होता, पण तो तिच्या तोंडात कसा घालणार? दोन रस्ते ओलांडून एका दुकानात मिळाला. पिशवीत घालून परत येईपर्यंत पाऊण तास गेला. मुलगा दारातच उभा होता. "आत्ताच गेली, बाबा. पाचच मिनिटं झाली."

एकतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. शेवटी बर्फ मागितला, आणि तोही मला वेळेत आणता आला नाही. हे मनात धरून मी पुढचे कित्येक महिने काढले. ताटावर बसलो की आठवायचं, घास उतरायचा नाही.

तिच्या उजव्या अंगठ्याला शाई लागलेली होती. दवाखान्याने कशावर तरी अंगठा घेतला असेल, असं वाटलं. मी माझ्या रुमालाने पुसून काढली.

आमचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. शिवण आणि पुठ्ठा माझ्याकडे, घड्या तिच्याकडे. घडी दाबायला हाडाची पट्टी असते, पण ती अंगठ्यानेच दाबायची. पट्टीने काम रेंगाळतं म्हणायची. कागद दाबून दाबून तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत. एकदा ओळखपत्र काढायला गेलो, तर मशीनने चार वेळा नाकारला. तिथला माणूस म्हणाला, "काकू, मशीन म्हणतंय तुम्ही नाहीच."

ही म्हणाली, "बरं झालं. आता ह्यांना सांगा, नसलेल्या बाईच्या हातचा चहा मागू नका."

मुलगा तेव्हा नोकरीसाठी परगावी होता. त्याला हे कधी कळलं नाही. आईचा हात हातात घेऊन कधी पाहिला असता, तर कळलं असतं.

दुकान आणि वरच्या दोन खोल्या तिच्या नावावर होत्या, तिच्या वडिलांनी दिलेल्या. ती गेल्यानंतर दहाव्या दिवशी नोंदणी कचेरीतला कारकून बांधलेली रजिस्टरं न्यायला आला. जुनं गिऱ्हाईक. आम्ही त्याला चष्मेवाले म्हणायचो.

"वहिनींना बरं आहे का आता?" त्याने विचारलं. "अंगठा परत घ्यावा लागेल हो. नुसता डाग उमटलाय. मी घरी येऊन घेतो, अंथरुणावरून उठवू नका त्यांना."

"ती गेली," मी म्हणालो. "दहा दिवस झाले."

चष्मेवाल्यांनी हातातलं रजिस्टर परत टेबलावर ठेवलं. "मग परवा तुमच्या मुलाने कशाचा कागद दिला? आई सगळं त्याच्या नावे करून देतेय म्हणाला. पण अंथरुणाला खिळलीये म्हणाला."

त्यांना वर कळवणं भाग होतं. त्यांनी कळवलं. म्हणजे फिर्याद कचेरीची, मी नुसता साक्षीदार.

सरकारी वकीलबाईंनी मला समजेल असं सांगितलं. घर गेलं नाही, म्हणून फसवणूक पुरी झाली नाही. नुसतं मनात आणलं असतं, कागद लिहून घरीच ठेवला असता, तरी गोष्ट वेगळी होती. पण त्याने तो कचेरीत नेऊन टेकवला. तिथे गुन्ह्याचा प्रयत्न सुरू झाला.

"पण तो अंगठा उमटणारच नव्हता," मी म्हणालो. "म्हणजे हे होणारच नव्हतं."

"काका, रिकाम्या खिशात हात घालणारासुद्धा चोरच. खिसा रिकामा हे त्याला माहीत होतं का?"

साक्षीच्या आदल्या दिवशी मुलगा आणि सून आले. सून रडत होती. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला.

"बाबा, चूक झाली. घाई केली. पण अंगठा आईने स्वतः दिला. तुम्ही बर्फ आणायला गेलात तेव्हा. तुम्ही एवढंच सांगा, तुम्ही निघालात तेव्हा ती बोलत होती."

"मला न सांगता दिला?"

"तुमचा स्वभाव तिला माहीत नव्हता का?"

सून म्हणाली, "मामंजी, एका वाक्यावर माझा संसार आहे."

"रडू नकोस," मी म्हणालो. "खोटं बोलायला कुठे सांगतोय तो? बर्फ मागितला म्हणजे बोलतच होती."

मी खरंच तसं सांगणार होतो. मला ते खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी वॉर्डातली नर्स बसली होती. तिलाही साक्षीला बोलावलं होतं. मी सहज म्हणालो, "सिस्टर, बर्फाला उशीर झाला त्या दिवशी."

"कसला बर्फ?"

मी सांगितलं. तिने मांडीवरची वॉर्डाची वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही बाकावर होतात तेव्हाच त्या गेल्या होत्या. मी तुम्हाला उठवायला निघाले होते. तुमचा मुलगा म्हणाला, बाबांना मी सांगतो, आम्हाला थोडा वेळ द्या. मी पडदा ओढून दुसऱ्या पेशंटकडे गेले."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत कसा गेलो ते आठवत नाही.

मुलाच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही बर्फ आणायला निघालात तेव्हा तुमच्या पत्नी बोलत होत्या, बरोबर?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. लहानपणी पडला की आधी माझ्याकडे बघायचा, रडायचं का नाही ते ठरवायला. तसाच.

"मी तिला बोलताना ऐकलं नाही," मी म्हणालो. "बर्फ मागतेय, असं मुलाने सांगितलं."

"मग मुलावर विश्वास नव्हता का तुमचा?"

"होता. म्हणून तर धावलो."

माझ्यानंतर नर्सने तिच्या वहीतली वेळ वाचून दाखवली. प्रयत्न सिद्ध झाला. दीड वर्षाची शिक्षा लागली. काम पुरं झालं असतं तर जास्त बसली असती, असं वकीलबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि त्या पाऊण तासाचं काय? मी तिच्याजवळ बसायचा होतो. ते तर त्याने पुरतं नेलं."

त्या फाइलीची दोरी बांधत होत्या. "त्याला कलम नाही, काका," म्हणाल्या.

पोलीस त्याला नेत होते. जिन्याजवळ मी आडवा झालो. हवालदार भला माणूस, थांबला.

"बाबा, शेवटी झालं तर काहीच नाही," मुलगा म्हणाला. "घर तुमच्याकडेच आहे. आणि तुम्ही..."

"घराचं राहू दे. ती काय म्हणाली शेवटी?"

त्याने मान खाली घातली. "काहीच नाही. झोपेतच गेली. तुम्ही बाहेर गेल्यावर थोड्या वेळाने."

"माझं नाव घेतलं?"

"नाही, बाबा." मग थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे... हो. एकदा."

हवालदाराने त्याला खाली नेलं. मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्यातलं कुठलं खरं, ते मला आजही ठरवता येत नाही. शेवटी तिच्याजवळ तो एकटाच होता.