करंजमाळची लोकसंख्या

भोरच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर रोज सुविचार लिहायचे. सुविचारांनी भोर काही सुधारलं नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी तो फळा मागून घेतला आणि त्यावर आमच्या खासदारांची कामगिरी लिहायला लागले. अधिवेशन संपलं की चार रकाने भरायचे: हजेरी, भाषणं, प्रश्न, मतदान. मतदानाचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. तिथं आवाजी मतदान होतं, आणि त्या गलक्यात कोणाचा गळा कुठल्या बाजूचा ते देवालाही कळायचं नाही. बाकीचे तीन रकाने मात्र मी चोख भरते. तीस वर्षं वकिलांकडे टायपिंग केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय हाडात मुरली आहे.

माझा भाचा प्रद्युम्न, तोही वकीलच, म्हणायचा, "शुभामावशी, तू परीक्षा नाही घेत, नुसती हजेरी घेतेस."

"तू आधी आपल्या तारखांना हजर राहा," मी म्हणायचे. त्याचं बोलणं मला लागायला हवं होतं. लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. पायात कंपनीचे बूट, हातात जेवणाचा डबा. वरवे बुद्रुकजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. नाव संपत. गाव विचारलं तर म्हणाला, "करंजमाळ. वेल्ह्याच्या वर, पानशेतच्या पाण्याच्या अंगाला. धनगरवाडा हाय, पाच घरं." मग फळ्यावरच्या प्रश्नांच्या आकड्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "बाई, ह्यात आमच्या वाडीचं कुणी इचारलंय का?"

विचारलं नव्हतं. वाडीला रस्ता नव्हता. दोन तासांची पायवाट, आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणायचा. मला असा संताप आला की त्याच आठवड्यात मी खासदारांच्या कार्यालयाला पत्र धाडलं. उत्तर नाही. दुसरं धाडलं. तिसऱ्यात लिहिलं की भोरच्या फळ्यावर तुमच्या नावापुढे काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. वर्षभर असा लकडा लावला. गेल्या मार्चमध्ये लोकसभेत लेखी प्रश्न आला: रस्ता नसलेल्या वाड्यावस्त्या किती, त्यात वेल्हे तालुक्यातल्या कोणत्या, त्या कधी जोडणार? खाली लेखी उत्तर आणि मागे जोडलेली यादी, सगळी मिळून एक्केचाळीस पानं. मी मोबाईलवर प्रश्न चारदा वाचला. उत्तर उघडून पहिलं पान पाहिलं आणि ठेवून दिलं. माझ्या फळ्यावर उत्तराला रकानाच नव्हता. उत्तर सरकार देतं, खासदाराचे गुण त्यात कशाला मोजायचे, असा माझा हिशेब होता.

लाल खडूनं प्रश्नाची नोंद केली आणि ही बातमी आपण स्वतः वाडीवर सांगायची असं ठरवलं. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढे संपतची मोटारसायकल, मग चढ. माझं वय बासष्ट. तीनदा बसले, पण गेले.

संपतच्या आईवडिलांनी, धोंडाबाई आणि हैबतीबाबांनी, माझं असं स्वागत केलं की मलाच लाज वाटावी. गाय नुकतीच व्याली होती, खरवस केला होता. पाचही घरांतली माणसं अंगणात जमली. मी मोबाईल उघडून प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला. वेल्हे तालुका हे शब्द आले तेव्हा धोंडाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

हैबतीबाबा शांतपणे ऐकत होते. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. शेवटी म्हणाले, "बाई, सवाल झ्याक हाय. मग जवाब काय आला?"

"जवाब लांबलचक आहे हो," मी म्हणाले. "पण प्रश्न दिल्लीत गेला हेच मोठं. आता कोणाला मागे हटता यायचं नाही."

त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

संपतनं वरव्याला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, आईवडिलांना खाली न्यायला. ते दोघं तयार नव्हते. खरवस संपता संपता हैबतीबाबा त्याला म्हणाले, "आता कशाला रं? रस्ता येतोय न्हवं." संपत माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं खोल्या सोडून दिल्या.

श्रावणात गुरांमागं जाताना हैबतीबाबा निसरड्यावर पडले. मांडीचं हाड मोडलं. चौघांनी झोळी करून पावसात त्यांना खाली आणलं, साडेतीन तास लागले. ऑपरेशन झालं, आणि संपतला तशाच दोन खोल्या जास्त भाड्यानं घ्याव्या लागल्या. बाबा वरव्यात खाटेवर, धोंडाबाई गुरांसाठी वाडीवर. एवढं सगळं पाहून बाकीच्या चार घरांचा धीर सुटला. एकेक करून ती पोराबाळांकडे खाली गेली.

सप्टेंबरात संपत पुन्हा फळ्यासमोर आला. आत न येता बाहेरच उभा राहिला.

"तालुक्याला जाऊन आलो बाई. सायेब म्हणत्यात, तुमची वाडी यादीत हाय, पर माणसं न्हाईत."

"माणसं नाहीत म्हणजे?"

"शून्य. लोकसंख्या शून्य लिवलीय."

मी मोबाईल काढला. एक्केचाळीस पानांचं ते उत्तर पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. अठ्ठाविसाव्या पानावर होतं: करंजमाळ धनगरवाडा, लोकसंख्या ०, अपात्र. पाहणी त्याआधीच्या वैशाखात झाली होती. माझ्या डोक्यात काहीच शिरेना.

"वैशाखात आमी वाडीवर कुठं असतो?" संपत म्हणाला. "झरा आटतो. गुरं घिऊन धरणाच्या कडंला उतरतो, पाऊस लागंस्तोवर. दाराला करवंदीचं काटं लावून जातो, गुरं-रानडुकरं आत शिरू न्हाईत म्हणून. काटं बघून गेला असंल तो मोजणारा."

एक्केचाळिसाव्या पानावर शेवटच्या ओळी होत्या. यादीत चूक असल्यास साठ दिवसांत ग्रामपंचायतीमार्फत हरकत घ्यावी. साठ दिवस मे महिन्यातच संपले होते. ते सगळे साठ दिवस ही ओळ माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये होती. मी बाजारात गेले, लग्नांना गेले, हीच पर्स घेऊन.

"संपत," मी म्हणाले, "हे मी वाचलं नव्हतं."

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि गेला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी वरातीमागून घोडं दामटलं. ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा परिषद, पुन्हा खासदारांचं कार्यालय. प्रद्युम्ननं अर्ज लिहून दिला आणि एकदाही टोमणा मारला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. दिवाळीनंतर एका भल्या अधिकाऱ्यानं मुदत संपलेली असूनही फेरपाहणी मंजूर केली. नोव्हेंबरची वीस तारीख. अट एकच होती: त्या दिवशी वाडीवर राहतं घर दिसलं पाहिजे.

मी बारा तारखेलाच वर गेले, आनंदानं. अंगणात पोचले तर धोंडाबाई दाराशी करवंदीच्या फांद्या गोळा करत होत्या. शेजारी बोचकं बांधलेलं. गुरं दोन दिवसांपूर्वीच विकली होती.

"धोंडाबाई, हे काय? वीस तारखेला माणूस येतोय मोजायला!"

"सांगितलं संपतनं." त्यांनी फांदी दाराला टेकवली. "म्हातारा जेवत न्हाई तिकडं. खाटंवर पडून भिंतीकडं तोंड करतो. म्या हितं बसून काय करू?"

"आठच दिवस. फक्त आठ. मी राहते हवं तर तुमच्याबरोबर."

"आन नवव्या दिशी?"

मी पर्समधून फेरपाहणीचा कागद काढून पुढे धरला.

"मोजण्यापुरतं ऱ्हावं व्हय आमी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "येक म्हातारी मोजून रस्ता यील, आन मग त्येच्यावरनं कोण चालंल? गुरं गेली, माणसं गेली. तुमी लई केलंत बाई. पर त्या म्हाताऱ्यानं इचारलं व्हतं तुमाला, जवाब काय म्हून."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, पण मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. वकिलांच्या ऑफिसात तीस वर्षांत रडले नव्हते. भोरमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकत होते मी, आणि शेळ्या खऱ्या होत्या, दरीच्या कडेला होत्या.

धोंडाबाईंनी मला तांब्याभर पाणी दिलं. मग म्हणाल्या, "उठा. वाईच धरा ही फांदी, येकटीला बांधाया येत न्हाई."

मी फांदी धरली. त्यांनी सुंभानं आवळून बांधली. दरवेळी वैशाखात बांधतात तशीच, फक्त या वेळी गाठ दुहेरी मारली.

वीस तारखेला मी पुन्हा वर गेले. कोणीतरी असायला हवं होतं. फेरपाहणीचा माणूस तरुण होता, घामाघूम झालेला, सज्जन. त्यानं पाचही घरांचे फोटो काढले आणि कागद मांडीवर घेतला.

"घरं पाच," मी घाईनं म्हणाले. "चुली आहेत, गोठे आहेत. परवापरवापर्यंत राहत होते हो."

"ते लिहितो मॅडम. पण आज राहतं कोण?"

दारावरच्या करवंदीची पानं अजून हिरवी होती. खोटं बोलावं असं खूप वाटलं. एक म्हातारी आहे, पाण्याला गेली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण नवव्या दिवशी काय, हे विचारायला मला धोंडाबाईंनी शिकवलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

त्यानं लोकसंख्येच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पंचनाम्याला पंच लागतो म्हणून कागद माझ्यापुढे केला. या वेळी मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात एकही चूक नव्हती. मी सही केली.