टीव्हीला बांधलेला पट्टा

मी एका मोटारीच्या मागच्या सीटचा पट्टा. उंब्रजच्या भाऊसोच्या गाडीत डाव्या खिडकीशी असतो. माणसांचा मला वीट आलाय, तो का, ते ऐका.

कारखान्यात मला झटके देऊन तपासलं होतं. माणूस पुढं फेकला गेला की त्याला धरायचं, एवढंच माझं काम. गाडी घरी आली त्याच आठवड्यात भाऊसोनं कराडहून टीव्ही आणला. तो मागं ठेवून मला त्याच्याभोवती घट्ट आवळलं. शेजारी त्याची बायको विजयमाला बसली होती, तशीच, मोकळी.

"सावकाश चालवा आवं," ती म्हणाली.

"टीव्ही बांधलाय की," भाऊसो म्हणाला.

पुढं गाडीला नवी कव्हरं बसली. कव्हरवाल्यानं माझं बक्कल खाली दाबून वरून कापड ताणलं. "मागं कोण लावतंय," म्हणाला, आणि भाऊसो हसला. त्यानंतर माझ्या अंगाला लोकांनी मटणाचे हात पुसले. एका पाहुण्यानं माझ्या टोकानं दात कोरले. हे सगळं मी सोसलं, पण पुढचं नाही.

मेढ्याला भाचीचा साखरपुडा होता. निघताना विजयमालानं सीटच्या फटीत हात घालून बघितला.

"आवं, ह्या पट्ट्याचं बक्कल तेवढं वर काढून द्या की."

"मागं कोण पोलिस बघतोय गं? बस गप."

साताऱ्यात चौकात पोलिस दिसले. भाऊसोनं घाईनं स्वतःचा पट्टा लावला आणि पुढं काढायचा विसरला. मेढ्याच्या अलीकडं वळणावर म्हैस आडवी आली. गाडी कठड्यावर आदळली. भाऊसोला त्याच्या पट्ट्यानं जागच्या जागी धरलं. विजयमाला माझ्यासमोरून उडाली आणि पुढच्या सीटवर उजव्या खांद्यानं आपटली. मी तिच्या कुशीपासून वीतभर लांब लोंबकळत होतो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

भेटायला येणाऱ्यांना भाऊसो सांगायचा, "देवानं वाचवलं बघा." चौकातल्या पोलिसाचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. मला किळस आली.

तीन महिने झाले तरी विजयमालाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा सून घालते. गेल्या सोमवारी तिला साताऱ्याला डॉक्टरकडं न्यायचं होतं. ती घरातून कात्री घेऊन आली आणि डाव्या हातानं कव्हर टराटरा फाडलं.

"आगं, नवं कव्हर हाय ते."

"कव्हर शिवून मिळतं," ती म्हणाली. "या हिकडं. मला एका हातानं लागत न्हाई. लावा."

भाऊसो वाकला. मला ओढून त्यानं बक्कल लावलं. टीव्हीनंतर पहिल्यांदा मी कुणाला धरलं. तिच्या दुखऱ्या खांद्याजवळ माझा काठ टेकला तेव्हा ती कळवळली, पण मला बाजूला सारलं नाही.

तुमच्या गाडीत माझा एखादा भाऊबंद कव्हराखाली गाडलेला असेल, तर आजच वर काढा. आम्हाला हाडांचे आवाज ऐकायला लावू नका.

भाऊसो पुढं जाऊन बसला. गाडी सुरू झाली आणि त्याच्या पट्ट्यासाठी टुंग टुंग करू लागली. दोन मिनिटं त्यानं ते ऐकलं. मग गाण्याचा आवाज वाढवला.