रहाटणीतली जर्मनी

मी जर्मनी बोलतोय. देश नव्हे. रहाटणीत एका बेकरीच्या वर निरंजनसरांचं छोटं ऑफिस आहे, तिथल्या लॅपटॉपमधलं मी एक ब्राउझर प्रोफाइल. हिरवा गोल आणि त्यात ‘जर्मनी’ हे नाव, एवढीच माझी ओळख.

एकाच ब्राउझरमध्ये आम्ही चौघं राहतो, चार बंद खोल्यांसारखे. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. दुबई आणि पोलंड शेजारी आहेत, पण आमची बोलचाल नाही. चौथं पांढरं, त्याचं नाव ‘घर’. ते थेट इथूनच बाहेर जातं. मी मात्र काहीही मागितलं की ते आधी जर्मनीतल्या एका यंत्राकडे जातं आणि ते यंत्र माझ्या वतीने पुढे मागतं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. त्यामुळे जगाला वाटतं मी तिकडेच बसलोय. मला तिकडचं हवामान दिसतं, तिकडच्या बुटांच्या जाहिराती दिसतात. खाली बेकरीत खारी भाजली जात असते, आणि मला विचाराल तर बाहेर दोन अंश तापमान आहे. खोटं बोलायची हौस नाही हो मला. जन्मच तसा दिला.

दिला निरंजनसरांनी. चाकणच्या एका कारखानदाराचे सुटे भाग जर्मनीत विकले जातात. त्याचं विक्रीचं खातं तिकडच्या एजंटाने उघडलेलं, पण सांभाळतं आमचं ऑफिस. तेच खातं अचानक दुसऱ्या देशातून उघडलेलं दिसलं, तर वेबसाइट संशय घेते आणि कुलूप ठोकते. म्हणून माझा रस्ता कायमचा जर्मनीला बांधला. सरांचा नियम एकच होता: जर्मनीचा रस्ता बदलायचा नाही.

मला रोज उघडते ती दीक्षा. बी.कॉम. झालेली, काळेवाडीहून चालत येते, अजून कायम व्हायची होती. तिचे वडील किसन चाकणला एका कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये आहेत. आई कस्तुरा मेसमध्ये चपात्या लाटायची. डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि बोटं तव्यावर पडायला लागली, तेव्हा मेसवाल्याने सांगितलं, ऑपरेशन करून या, मग बघू.

माझ्या आयुष्यात एकदाच, अर्धा दिवस, प्रॉक्सी बंद पडली होती. सरांनी कारखानदाराचा टॅब आधी नीट बंद केला आणि मग मला ‘घर’सारखं थेट इथूनच बाहेर सोडलं. काय सांगू, त्या दिवशी मी रहाटणीत होतो! तापमान एकतीस. जाहिरात पिंपळे सौदागरच्या डोसा सेंटरची. त्याच दुपारी दीक्षाने सरकारी दवाखान्याच्या साइटवर आईचं नाव नोंदवलं. घाईत समोर मीच उघडा होतो, तर माझ्यातच नोंदवलं. साइटने पासवर्डात मोठं अक्षर माग, आकडा माग, चिन्ह माग असं चालवलं होतं. दीक्षाने काहीतरी ठोकून दिलं आणि मला म्हणाली, ‘ठेव लक्षात.’ मी ठेवलं. दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा जर्मनीला.

ऑपरेशनची टोकनं महिन्यातून एकदा, सोमवारी अकराला सुटतात आणि पाच-दहा मिनिटांत संपतात. त्या सोमवारी दीक्षाने शहाण्यासारखं ‘घर’ उघडलं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर खातंच बंद. नवा पासवर्ड घ्यावा, तर ओटीपी नोंदणीत दिलेल्या किसनच्या फोनवर जाणार, आणि फोन कंपनीच्या गेटवर जमा. आत मोबाइल न्यायचा नाही. शिफ्ट साडेतीनला सुटते.

मग तिला मी आठवलो. मी पासवर्ड तयारच ठेवला होता, पण पान उघडेना. ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही, असं आलं. माझा देश! पासवर्ड माझ्याकडे ठिपक्यांत झाकलेला. तो उघडून बघायला लॅपटॉपचा पिन लागतो, आणि पिन फक्त सरांना ठाऊक. तिने सरांना तीनदा फोन लावला. सर चाकणला त्याच कारखानदाराकडे मीटिंगला गेलेले. त्यांचाही फोन गेटवर.

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. दीक्षा नखं कुरतडत होती. मग तिने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन रस्ता बंद केला.

मला ओरडायचं होतं. दीक्षा, आधी कारखानदाराचा टॅब बंद कर गं! तो मागे उघडाच होता. पण मला तोंड कुठाय? तिने पान उघडलं, मी पासवर्ड भरला, आईचं टोकन निघालं, अडतिसावं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. त्याच क्षणी मागच्या टॅबला मी रहाटणीत दिसलो आणि कुलूप पडलं.

कुलूप नऊ दिवसांनी निघालं, तोवर कारखानदाराने काम दुसरीकडे दिलं. सर आवाज चढवून बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “मला विचारायचं होतंस.”

“सर, तुमचा फोन गेटवर होता.”

तिची कायम व्हायची तारीख तीन महिने पुढे गेली. मला काढून टाकायचं ठरलं; डाग लागलेलं प्रोफाइल कोण वापरणार? सरांनीच पिन टाकून पासवर्ड दाखवला आणि दीक्षाने तो वहीत उतरवून घेतला. माझ्याकडचं शेवटचं तिच्या कामाचं तेही गेलं. तरी ती मला पुसायचं रोज उद्यावर ढकलत राहिली.

आज कस्तुराबाई ऑफिसात आल्यात, काळा चष्मा लावून, ऑपरेशननंतरच्या तपासणीहून परतताना. चष्मा वर करून त्यांनी स्क्रीनवरचं माझं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. किती दिवसांनी त्यांना अक्षर दिसलं असेल.

“ज-र्म-नी. हे काय गं?”

“आई, तुझं टोकन यातूनच निघालं. आज पुसायचंय हे.”

“मग पुसतीस कशाला त्याला?”

दीक्षाने माऊस पुढे सरकवला. बाण ‘हटवा’वर येऊन थांबलाय. मला वाचवा असं मी म्हणणार नाही, तिचीच नोकरी अजून अधांतरी आहे. एवढंच सांगतो, त्या सोमवारपासून माझा रस्ता कुणी परत जोडलेला नाही. बाहेर एकोणतीस अंश तापमान आहे आणि हे मी खरं सांगतोय. पुसायचंच तर असंच पुस, दीक्षा. रस्ता जोडू नकोस. मला रहाटणीतूनच जाऊ दे.