आळ्यातलं पाणी

"काकू, वाटी खाली ठेवा."

सुंदराबाईंचा चमचा नातवाच्या ओठाशी थबकला. वाटीत उकळून गार केलेले पाणी होते. "काहून? बाहेर पाखरं तडफडून राहिले, अन् सात दिवसाच्या लेकराले तहान लागत नाही का बाप्पा?"

परतवाड्याजवळच्या त्या गावात सत्यवती बारा वर्षे आशाताई होती. आज्यांचे टोमणे तिच्या अंगवळणी पडले होते. तिने बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवले. जन्माच्या वेळेपेक्षा अडीचशे ग्रॅम कमी! "परवा येतो. वजन चढलं नाही त अमरावतीले न्या लागीन," तिने आडपडदा न ठेवता सांगितले.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पौर्णिमा खाटेवर रडू लागली. "ताई, मले दूधच येऊन नाही राहिलं." तिचे ओठ पार सुकले होते.

"तू पानी कितीक पेतं?"

पौर्णिमाने आईकडे पाहिले. "बाळंतिनीले पानी देत नसतात," सुंदराबाई ठणकावून म्हणाल्या, "पोट सुटते. दोन घोट देतो."

म्हणजे घरात पाणी होते, फक्त भलत्याच तोंडात जात होते. सत्यवतीला हसू आवरेना.

"काकू, संत्र्याचा बगीचा कोन पायते?"

"मीच."

"मंग पानी फळावर वतता का आळ्यात?"

"फळावर कोन वतन? झाडाले..." सुंदराबाई अडखळल्या. त्यांनी वाटीकडे पाहिले, लेकीकडे पाहिले आणि उठून तांब्या भरून आणला. पौर्णिमाने तो एका दमात रिकामा केला. बाळाला पोटाशी कसे धरायचे, नुसते बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात कसा द्यायचा, हे सत्यवतीने शेजारी बसून शिकवले. दर दोन तासांनी पाजायचे आणि सहा महिने बाळाला पाण्याचा थेंबही नाही, हे तिने दोघींकडून वदवून घेतले.

दोन दिवसांनी काटा नव्वद ग्रॅमनी चढला. पौर्णिमा हसली. सुंदराबाई मात्र सत्यवतीला दारापर्यंत सोडायला आल्या आणि तिथेच थांबल्या.

"माह्यं पयलं पोरगं असंच वैशाखात गेलं. मी पानी कमी पाजलं, असंच मले तीस वर्सं वाटे. जास्त झालं होतं का वो?"

कुणालाही तोंडावर उत्तर देणाऱ्या सत्यवतीने त्यांचा हात हातात घेतला. "तवा तुमाले कोनी सांगितलंच नाही, काकू."

सुंदराबाईंनी डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या. "रामरावच्या सुनेचं पोर पाच दिवसाचं हाये ना? चाल. तिच्या सासूले मी सांगतो."

आणि डोक्यावर पदर घेऊन त्या भर दुपारी तिच्या पुढे चालू लागल्या.