न्हाव्याचा कोठा

मी कोठा बोलतोय. डॉक्टर मला आतडं म्हणतात. सभ्य माणसं चारचौघांत माझं नावच काढत नाहीत.

माझा मालक न्हावी. हात इतका स्थिर, की वस्तरा गळ्यावर असतानाही गिऱ्हाइकं घोरत. मी मात्र तरुणपणीच मंदावलो. सकाळी तो आत बसला की बायको दार वाजवी, "अहो, आत बिऱ्हाड थाटलंत की काय?" घरभर हशा. एरंडेल झालं, चूर्णं झाली. माझ्या नसा आतून झडत होत्या आणि मी घरचा विनोद झालो होतो. पुढे त्याला दाढीच्या साबणाचा वास येईना. "सर्दी असेल," म्हणून घरच्यांनी सोडून दिलं.

बऱ्याच वर्षांनी उजवा अंगठा थरथरला, तेव्हा कुठे घर गंभीर झालं. हात हा अब्रूदार अवयव.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "पोट साफ होत नाही, असं कधीपासून?"

"ते तर लग्नाच्या आधीपासून!" बायको म्हणाली.

हा आजार काही जणांत पोटातून सुरू होत असावा, पण अजून नक्की ठरलेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला ना छाती, ना हात.

गोळी मिळाली. ती लागू पडली की हात थोडा वेळ पूर्वीसारखा होई. घ्यायची जेवणाआधी, नुसत्या पाण्याबरोबर. पण बायकोला ते पटेना. "एवढी कडक गोळी रिकाम्या पोटी?" ती पेलाभर दुधाबरोबर देऊ लागली. दुधातली प्रथिनं आणि गोळी, दोघांना माझ्या एकाच दारातून आत जायचं असतं. दूध धक्का मारून पुढे जातं. गोळी ताटकळते.

अंगठा ऐकेना, तसा मालकाने निश्चय केला. रविवारी थोरल्या भावाची दाढी करायची. जमली तर दुकान चालू, नाहीतर कायमचं बंद.

भाऊ खुर्चीत बसला, मान मागे टाकली. "काप बिनधास्त. वाटणीच्या वेळी तरी कुठे सोडलं होतंस?"

मालक हसला. गोळी लागू पडण्याची वाट पाहू लागला. त्या दिवशी दूध जास्तच होतं. मी जिवाच्या आकांताने गुरगुरलो.

"ऐकलंत? भूक लागलीये त्यांना," बायको म्हणाली आणि एक उकडलेलं अंडंही भरवलं.

वस्तरा कानाखाली पोचला आणि थरथरला. साबणाचा फेस लाल झाला.

"लागलं नाही रे," भाऊ म्हणाला. हलला नाही. डोळे मात्र उघडले होते.

मालकाने ते डोळे पाहिले. वस्तरा मिटून भावाच्या हातात दिला.

आता दुकानाला कुलूप आहे. मालकाची दाढी बायकोच करते, जपून, हनुवटी धरून. हाताचं औषध चुकत नाही. ती पेला त्याच्या ओठांना लावते, एक थेंब सांडू देत नाही.

कोणीतरी तिला सांगा हो, पाण्याबरोबर द्या. मी सांगितलं की तिला वाटतं, भूक लागली.