माझू आजीच्या देवळावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुने देऊळ आहे. मला कोणा राजाने बांधले नाही. आमच्या गावातले पुरुष मासेमारीला गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकांनी मला उभे केले. कालवांच्या शिंपल्यांच्या भिंती रचल्या आणि खडकावर फुटलेल्या एका होडीचे लाकूड आढ्याला घातले. आत बसवली वीतभर उंचीची समुद्रदेवी माझू. ती कधीकाळी कोळ्याचीच पोर होती. वादळात सापडलेल्यांना वाचवायची. अठ्ठावीस वर्षांची असतानाच गेली, तरी सगळे तिला आजी म्हणत. देवाच्या नात्यात वयाचा हिशेब कोण करतो?

होडी निघताना नाखवा माझ्या धूपदाणीतली चिमूटभर राख लाल पुरचुंडीत बांधून नेई. परत आला की वाडगाभर शेवया आजीपुढे ठेवी आणि नंतर पायरीवर बसून त्या स्वतःच खाई. ते दिवस सुखाचे होते. छप्पर गळायचे, पण माझी तक्रार नव्हती.

मग शू गुरुजी आले. गावातले तेवढेच शिकलेले. सरकारी परीक्षेत तीनदा नापास होऊन ते गावी परतले आणि माझे पुजारी झाले. त्याच सुमारास शहरातल्या एका व्यापाऱ्याचे जहाज वादळातून वाचले. त्याने नवस फेडायला मोठी पाटी पाठवली. काळी, चकचकीत, तिच्यावर सोन्याची अक्षरे. गावात ती एकट्या गुरुजींना वाचता येत होती. त्यांनी ती माझ्या दारावर चढवली आणि गाव जमवून वाचून दाखवली. "स्वर्गाची सम्राज्ञी, चारही समुद्रांची रक्षणकर्ती, कृपेचा सागर, परमपवित्र माता!"

मित्रांनो, खरे सांगते, मी त्या दिवशी फुगले. आजूबाजूच्या गावांतून लोक मला बघायला येऊ लागले.

गुरुजींनी नियम केला. आजी म्हणायचे नाही, पूर्ण नाव घ्यायचे. चुकेल त्याने एक उदबत्ती जळेपर्यंत गुडघ्यावर बसायचे. कालवे विकणारी फांग मावशी तेवढी वाकली नाही.

"गुरुजी, एवढं नाव घेईपर्यंत माझी कालवं नासतील की!"

"मावशी, ती सम्राज्ञी आहे. तुमची शेजारीण नव्हे."

"शेजारीणच आहे! अहो, आजी म्हटलं की ती असेल तशी धावत येते, ओल्या केसांनी. सम्राज्ञी म्हटलं की तिला केस बांधावे लागतात, मुकुट घालावा लागतो, दासींची वाट बघावी लागते. तोवर बुडणाऱ्यानं काय करायचं? पाण्यात पाट मांडून बसायचं?"

सगळे हसले. पण मावशीने नवे काहीच सांगितले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर हे सगळ्यांनाच ठाऊक होते. गुरुजींनाही. लहानपणी त्यांनीही तिला आजीच म्हटले होते.

गुरुजींची मुलगी चुनलान. तिचे मन शुईशेंग नावाच्या कोळ्यावर जडले. तो मागणी घालायला आला तेव्हा गुरुजी म्हणाले, "दहा वेळा न अडखळता पूर्ण नाव म्हण, मगच मुलीचं बघू."

बिचारा जाळे विणता विणता पाठ करायचा. माझ्या अंगणात चुनलान त्याला चिडवायची, "कृपेचा डोंगर नाही रे, सागर! डोंगरावर कसली मासेमारी करणार तू?" शेवटी त्याने दहा वेळा बरोबर म्हटले. वर सासऱ्यांना वचन दिले, की दुसऱ्या नावाने देवीला कधीही हाक मारणार नाही. गुरुजींचे डोळे भरून आले. परीक्षेत पास झालेला तो त्यांचा पहिलाच विद्यार्थी.

लग्नाला वर्षही झाले नव्हते. शरद ऋतूत वादळ आले. शुईशेंगसह चारजणांची होडी तेव्हा समुद्रात होती. चौथ्या दिवशी आदे नावाचा एकटा खलाशी फळीला धरून किनाऱ्याला लागला. लोकांनी त्याला माझ्या अंगणात आणले, पाणी पाजले. चुनलान समोरच बसली होती.

"लाट आली तशी आम्ही तिघं आजी, आजी म्हणून बोंबलत सुटलो," आदे म्हणाला. "शुईशेंग डोलकाठीला धरून ते लांब नाव म्हणत होता. मी ओरडलो, अरे गाढवा, आजी म्हण! तर म्हणाला, सासऱ्यांना वचन दिलंय. तोंडात पाणी जायचं, शब्द चुकायचा, की हा पुन्हा पहिल्यापासून! दोनदा चुकला, वहिनी. तिसऱ्यांदा सुरू केलं होतं..."



चुनलान रडली नाही. बापाकडे वळून तिने विचारले, "बाबा, मुकुट घालून होईपर्यंत तो तग धरून असेल का हो?"

गुरुजी तीनदा नापास होऊन परतले तेव्हा मी त्यांना पाहिले होते, पण त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

आजीला उशीर झाला की समुद्रच अनावर होता, ते मला ठाऊक नाही. बाकीच्या दोघांनी तर आजीलाच हाक मारली होती. तेही आले नाहीत. मला हे चुनलानला सांगायचे होते. देवळाला कुठे तोंड असते?

दुसऱ्या दिवशी गुरुजी शिडी घेऊन पाटी उतरवायला आले. गावकऱ्यांनी त्यांचे हात धरले. "देवीचं नाव खाली उतरवायचं? गुरुजी, तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला!" ते शिडीवरून उतरले आणि पाटीखाली बसले. मग मरेपर्यंत, जवळजवळ रोज, ते आत येऊन आजीपुढे बसत.

चुनलान सासरच्या बेटावर राहायला गेली. वर्षातून एकदा यायची. बाहेरच्या पायरीवर उभी राहून मोठ्याने "आजी!" अशी हाक मारायची आणि परत फिरायची. आत बापाला ती हाक ऐकू जायची. म्हातारे गुरुजी भिंतीला धरत धरत दाराशी यायचे, तोवर तिची होडी सुटलेली असायची. अशी सतरा वर्षे मी पाहिली. अठराव्या वर्षी ती आली, तेव्हा आत कोणी उठले नाही.

ते सगळे कधीच गेले. अलीकडे बरीच वर्षे मी ओस होते. आता पुन्हा माणसे येतात. पाटीखाली उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, काय सुंदर अक्षर आहे! पुढच्या महिन्यात रंगारी येऊन अक्षरांना नवा मुलामा देणार आहेत.

मित्रांनो, माझे छप्पर शाकारा, भिंतीचे निखळलेले शिंपले बसवा, अंगण झाडा. मी तुमचे उपकार विसरणार नाही. फक्त त्या पाटीला हात लावू नका. खारा वारा ती अक्षरे खातो आहे, त्याला खाऊ द्या. आणि आत आलात तर तिला आजी म्हणा. शुईशेंगजवळ तेवढ्या एका शब्दापुरता श्वास नक्की होता.